युरियाची बाटली: तापवायची कधी, जपायची कधी

दरवर्षी जूनमध्ये आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टला नवी पोरं येतात. त्यांत एक तरी निफाडचं नाहीतर दिंडोरीचं असतंच. पहिल्या आठवड्यात युरियाचा विषय निघाला की ते हसतं आणि म्हणतं, "सर, घरी गोण्या पडल्यात. उद्या येताना डबाभर आणू का?"

नको, बाबा. त्या गोणीतला युरिया द्राक्षाला, मक्याला, ऊसाला चांगला, फ्लास्कमध्ये नाही. २०१५ पासून आपल्याकडे शेतीचा युरिया सरसकट नीमकोटेड येतो, म्हणजे प्रत्येक दाण्यावर निंबोळी तेलाचा थर. शिवाय खताच्या युरियात बाययुरेट (युरियाचे दोन रेणू जोडून बनणारा पदार्थ) दीड टक्क्यापर्यंत चालतो. पिकाला त्याचं फारसं वाटत नाही, पण २८० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात प्रोटीन मोजणाऱ्याला हे सगळं नडतं. आणि अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वळवणं कायद्यातही बसत नाही. तेव्हा गोणी घरीच राहू द्या.

हा लेख एमएस्सीच्या किंवा बीफार्मच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा बेंचवर उभं राहणाऱ्यांसाठी आहे. युरिया स्वस्त, पांढरा, वास नसलेला, हाताला लागला तरी काही न करणारा पदार्थ. म्हणूनच त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही, आणि मग तीन महिन्यांनी मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंचं वजन दाखवणाऱ्या आलेखात, ४३ डाल्टन जास्तीचे दिसले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

१८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला अमोनियम सायनेट बनवायचं होतं. हाती आला युरिया. तोवर हा पदार्थ लघवीतून वेगळा काढलेलाच माहीत होता. ही गोष्ट अकरावी-बारावीच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते. पुस्तकात सहसा येत नाही ते हे, की ती अभिक्रिया उलटीही चालते. पाण्यात विरघळलेल्या युरियाचा थोडासा भाग सतत अमोनियम सायनेट होत असतो. गार पाण्यात सावकाश, गरम पाण्यात भराभर. ८ मोलर युरियाचं द्रावण पुरेसे दिवस तसंच पडून राहिलं तर त्यातलं सायनेट २० मिलिमोलरच्या आसपास जाऊ शकतं.

संश्लेषण करणाऱ्याला युरिया तापवायचाच असतो. तो फुटला, त्यातून अमोनिया सुटला तर कित्येकदा तेच हवं असतं. प्रोटीनवाल्याला मात्र हीच फूट नको असते, कारण सायनेट जाऊन प्रोटीनच्या लायसीनला आणि सुरुवातीच्या अमिनो टोकाला चिकटतं. याला कार्बामिलेशन म्हणतात, आणि ते ४३ डाल्टन याचेच. म्हणून बाटली उचलण्याआधी स्वतःला विचारा: मला हा फुटलेला हवा की शाबूत?

बाटली निवडताना

संश्लेषणाला एआर (अॅनालिटिकल रिएजंट) ग्रेड पुरतो. प्रोटीनसाठी लेबलवर 'मॉलिक्युलर बायोलॉजी' किंवा 'अल्ट्राप्युअर' असं लिहिलेलाच घ्या. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा आणि प्रोटीनवाल्या बाटलीत स्पॅटुला घालूच नका, ओतूनच घ्या.

पावसाळ्यात आणखी एक व्याप. ३० अंशाला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात हा आकडा रोजचाच. झाकण सैल राहिलं की आठवड्यात खडे होतात. ते फोडून वजन करणाऱ्याला कळतच नाही की आपण युरियाबरोबर पाणीही तोलतोय. खडे झालेला युरिया ओव्हनमध्ये टाकून वाळवायचा मोह आवरा. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये दोन दिवस ठेवा.

सुरुवातीचा प्रयोग: बिगिनेली

संश्लेषणात हात बसवायला बिगिनेलीसारखी दुसरी अभिक्रिया नाही. पिएत्रो बिगिनेली या इटालियन माणसाने १८९१ मध्ये ती मांडली. तीन पदार्थ एका फ्लास्कमध्ये, आणि बाहेर पडतं डायहायड्रोपायरिमिडिनोनचं वलय. पुढे या कुळातल्या रेणूंना औषधांच्या संशोधनात फार भाव आला, म्हणून फार्मसीच्या पोरांना ही हटकून करायला सांगतात.

१० मिलिमोलचा हिशेब असा. बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, म्हणजे जवळपास १ मिली. इथाइल अॅसिटोअॅसिटेट १.३० ग्रॅम. युरिया ०.९० ग्रॅम, म्हणजे १५ मिलिमोल. तो मुद्दाम दीडपट घेतलाय, कारण उरलेला पाण्याने सहज धुऊन जातो. हे सगळं ५० मिलीच्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये १० मिली इथेनॉलमध्ये घ्यायचं, कडक हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन-चार थेंब टाकायचे, कंडेन्सर लावायचा आणि वॉटर बाथवर दोन ते तीन तास रिफ्लक्स, म्हणजे उकळत ठेवायचं आणि वाफ गार होऊन परत फ्लास्कमध्येच पडू द्यायची. इथेनॉल जळतं, तेव्हा उघडी ज्योत आसपास नको.

आता जिथे पोरं अडखळतात ते. बेन्झाल्डिहाइडची बाटली उघडलीत आणि तोंडाशी पांढरी खरपुडी दिसली तर ते बेन्झॉइक आम्ल. हवेने अल्डिहाइडचं आम्ल झालं. असं अल्डिहाइड तसंच वापरलंत तर उत्पादन अर्ध्यावर येतं आणि दोष मात्र युरियाला जातो. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने हलवून धुवा, थर वेगळा करा, वाळवा, जमलं तर कमी दाबावर डिस्टिल करा. माझ्या मते बिगिनेली बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

तासाभराने फ्लास्कमध्ये गढूळपणा दिसायला लागतो. कधी कधी रिफ्लक्स चालू असतानाच पांढरं घन पडायला लागतं आणि मिश्रण उसळतं. घाबरू नका, स्टरर वाढवा. वेळ झाली की मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओता, काचदांडीने भांड्याच्या भिंतीला घासा, अर्धा तास थांबा. बुखनर फनेलवर गाळा. आधी गार पाण्याने भरपूर धुवा, म्हणजे उरलेला युरिया निघून जाईल. मग अगदी थोड्या, बर्फात गार केलेल्या इथेनॉलने धुवा. गरम इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक पाडा. मेल्टिंग पॉइंट २०२ ते २०४ अंशांच्या आसपास यायला हवा. पैकीच्या पैकी उत्पादन मिळालं तर २.६० ग्रॅम, पहिल्या खेपेला दीड-पावणेदोन ग्रॅम आलं तरी मी पाठ थोपटतो.

मेल्टिंग पॉइंट १९०-१९६ असा पसरट आला तर उत्पादन नीट वाळलेलं नाही किंवा अल्डिहाइड अडकलंय. पुन्हा स्फटिक पाडा, आकडा रेटून वहीत २०३ लिहू नका. मास्तरांना वही बघून कळतं.

फुटणारा युरिया, कामाला लावलेला

पाण्यात युरिया ९० अंशाला तापवला की तो हळूहळू फुटतो, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड देतो, आणि सगळ्या द्रावणाचा पीएच एकसारखा वर जातो. अमोनियाचा थेंब पिपेटने टाकला की जिथे पडला तिथेच चिकट अवक्षेप होतो. युरियाने मात्र कोपऱ्याकोपऱ्यात एकाच वेळी अल्कली तयार होते, त्यामुळे कण जड, दाणेदार आणि गाळायला सोपे पडतात. जुने लोक अॅल्युमिनियमचं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचं ग्रॅव्हिमेट्रिक (अवक्षेप तोलून केलेलं) मापन असंच करायचे. आता त्याच युक्तीने झिंक ऑक्साइडचे आणि लेयर्ड डबल हायड्रॉक्साइडचे कण बनवतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशालाच उकळतं. पेपरमध्ये '१०० अंश' लिहिलेलं असेल आणि तुमचं थर्मामीटर तिथे जात नसेल तर थर्मामीटरला शिव्या देऊ नका.

कोरडा तापवलात तर गोष्ट आणखी वेगळी. १३३ अंशाला युरिया वितळतो, आणखी तापला की दोन रेणू जोडून अमोनिया सुटतो आणि बाययुरेट बनतं. परीक्षानळीत हे करून बघा. गार झाल्यावर थोडं पाणी, कॉस्टिक सोड्याचे थेंब आणि मोरचुदाच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाका. जांभळा रंग आला तर जमलं. प्रोटीनच्या बाययुरेट टेस्टचं नाव इथूनच आलं, आणि प्रोटीनच्या कामात युरिया उगाच का तापवू नये याची आठवणही यातून राहते.

कार्बन नायट्राइड करणाऱ्यांनी झाकलेल्या क्रुसिबलमध्ये युरिया भरून मफल भट्टीत मिनिटाला ५ अंशाने ५५० पर्यंत न्यायचं आणि दोन ते तीन तास ठेवायचं. पिवळसर, हलकी भुकटी मिळते. १० ग्रॅम युरियातून जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाकीचं सगळं वायू होऊन उडालं. त्या वायूंत अमोनिया आहे आणि आयसोसायनिक आम्लही आहे, म्हणून भट्टीवर एक्झॉस्ट नसेल तर हा प्रयोग करूच नका.

शेवटचा सोपा प्रकार म्हणजे डीप युटेक्टिक सॉल्व्हंट. कोलीन क्लोराइड १३.९६ ग्रॅम आणि युरिया १२.०१ ग्रॅम, म्हणजे एकास दोन मोल. दोन्ही कोरडे घन. ८० अंशावर ढवळत ठेवले की तासाभरात पाण्यासारखा पारदर्शक, जरा घट्टसर द्रव तयार. २००३ मध्ये या मिश्रणाकडे रसायनशास्त्राचं लक्ष गेलं. ते गोठतं १२ अंशाला. डिसेंबरात सकाळी लॅब उघडली आणि बाटलीतला द्रव घट्ट होऊन बसलेला दिसला तर तो खराब झालेला नाही. निफाडचा पारा कालच्या पेपरात बघा, उत्तर मिळेल. कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा वितळेल.

आता प्रोटीन: ८ मोलरचं द्रावण

इथून पुढे सावकाश वाचा.

१०० मिली ८ मोलर युरिया म्हणजे ४८.०५ ग्रॅम. नवखा माणूस सवयीने ९० मिली पाण्यात तो ओततो, आणि मग द्रावण १२५ मिली होतं. युरिया जागा खातो: ४८ ग्रॅम विरघळले की साधारण ३६ मिलीने पातळी वर चढते. म्हणजे १०० मिलीत पाणी असतं फक्त ६४ मिलीच्या आसपास. तो हिशेब धरूनच सुरुवात करायची.

१. १५० मिलीच्या बीकरमध्ये ५० मिली शुद्ध पाणी घ्या, स्टररवर ठेवा, ४८.०५ ग्रॅम युरिया थोडा थोडा टाका.

२. हात लावून बघा. बीकर बर्फासारखा गार पडतो, पावसाळ्यात तर बाहेरून दव धरतं. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, आणि द्रावण गार झालं की पुढचं विरघळणं रेंगाळतं. इथेच लोक हॉट प्लेटची कळ फिरवतात. फिरवू नका. बीकर ३० अंशाच्या कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि चहाला जाऊन या.

३. सगळं स्वच्छ झालं की मिक्स्ड-बेड रेझिन (धन आणि ऋण दोन्ही आयन पकडणारे मणी) ५ ग्रॅमच्या आसपास टाका आणि अर्धा ते एक तास ढवळा. सायनेट आणि अमोनियम हे आयन. रेझिन त्यांना धरून ठेवतं. युरियावर भार नाही म्हणून तो सुटतो. ज्यांच्याकडे कंडक्टिव्हिटी मीटर आहे त्यांनी आधी आणि नंतर बघावं, आकडा खाली येऊन थांबलेला दिसतो.

४. गाळून रेझिन काढा, ते २-३ मिली पाण्याने धुऊन घ्या.

५. आता, आणि आताच, बफर (पीएच स्थिर धरणारं द्रावण) घाला: १ मोलर ट्रिसचे ५ मिली, ५ मोलर मिठाचे ३ मिली. हे रेझिनच्या आधी घातलं तर रेझिन तुमचं मीठच खाऊन बसेल. दरवर्षी कुणी तरी हे करतंच.

६. पीएच ८.० ला आणा. युरिया घालण्याआधी लावलेला पीएच धरू नका; एवढ्या युरियात तो वर सरकतो. मग १०० मिलीची खूण आणि ०.४५ मायक्रोमीटरचा फिल्टर.

बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. त्याच दिवशी वापरा. ट्रिसमध्ये अमिनो गट असतो, तो सायनेटला स्वतःवर ओढून घेतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीची पोरं त्याच कारणाने अमोनियम बायकार्बोनेट पसंत करतात. पण हे टेकू आहेत. ताजं द्रावण ते ताजं द्रावण.

फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरू, असं मनात आलं तर आत काय होतं बघा. ४ अंशाला ८ मोलर युरिया जवळपास संपृक्त असतो. सकाळी बाटलीच्या तळाशी सुईसारखे लांब स्फटिक उभे राहतात आणि वरचं द्रावण तेवढं पातळ झालेलं असतं. कुणी तरी वरचंच ओतून घेतं आणि समजतं की ते ८ मोलर आहे.

ब्रिक्स मीटरची युक्ती

आता नाशिककराच्या हातचं एक हत्यार. द्राक्षाच्या मळ्यात साखर चढली का बघायला खिशात असतो तो छोटा रिफ्रॅक्टोमीटर, ज्याला सगळे ब्रिक्स मीटरच म्हणतात, तो प्रकाश किती वाकतो हे मोजतो. युरियाही प्रकाश वाकवतो, आणि किती ते त्याच्या प्रमाणावर ठरतं. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सवरून युरियाची मोलॅरिटी काढणं ही प्रोटीनच्या प्रयोगशाळांची जुनी, मान्य पद्धत आहे. तिथे महागडं मशीन असतं. पिंपळगावच्या एका पोराने आपल्या वडिलांचा मीटर आणला आणि आम्ही तेच काम त्यावर करून बघितलं.

८ मोलर युरिया साखरेच्या भाषेत ४० ब्रिक्सच्या आसपास येतो. मळ्यातल्या मीटरवर खुणा ३२ पर्यंतच असतात, त्यामुळे थेट टाकलंत तर सगळं क्षेत्र एकाच रंगाचं दिसतं, काहीच वाचता येत नाही. म्हणून आधी युरियाशिवायच्या त्याच बफरने शून्य लावायचा. मग तुमचं द्रावण त्याच बफरने बरोबर निम्मं करायचं, १ मिलीला १ मिली. दोन थेंब काचेवर, झाकण खाली, खिडकीच्या उजेडाकडे तोंड. रेघ २२ च्या जवळ आली तर मूळ बाटलीत ८ मोलर आहे. १९ च्या आसपास आली तर तो ७ च आहे, पाणी जास्त झालंय. द्राक्ष काढणीला आलं की नाही हेही साधारण याच पट्ट्यात बघतात, त्यामुळे घरच्यांना हा आकडा लगेच कळतो. "सर, वडील म्हणाले बाग उतरवायला झाली," असं तो पोरगा म्हणाला तेव्हा मी तोलकाट्यापाशी होतो, हसून तोल गेला आणि वजन पुन्हा घ्यावं लागलं.

काम झालं की काच पाण्याने धुऊन पुसा. मीटर परत मळ्यात जाणार आहे.

इन्क्लुजन बॉडी विरघळवणं

ई. कोलाय या जीवाणूमध्ये आपल्याला हवं ते प्रोटीन जोरात बनवलं की ते बरेचदा नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं. हाच इन्क्लुजन बॉडीचा पांढरा पेलेट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं प्रयोग फसला. फसलेला नसतो, प्रोटीन आहे, भरपूर आहे, फक्त गुंता झालेला आहे.

पेशी बर्फावर सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा), ४ अंशाला १०,००० जी वर (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. मिळालेला पेलेट आधी नीट धुवायचा: एकदा १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट असलेल्या बफरने, एकदा २ मोलर युरियाच्या बफरने, आणि शेवटी साध्या बफरने, म्हणजे ट्रायटन निघून जाईल. ही धुलाई कंटाळवाणी आहे म्हणून पोरं एकदाच उरकतात. मग पुढे जेलवर आडव्या पट्ट्यांची गर्दी येते आणि प्रोटीन धरून शुद्ध करणाऱ्या निकेल कॉलमवर नको ते सगळं चिकटतं. तीन वेळा धुवा, प्रत्येक वेळी पेलेट पिपेटने पूर्ण फोडून.

मग ताजं ८ मोलर युरियाचं बफर, त्यात १० मिलिमोलर डीटीटी. युरिया प्रोटीनची घडी उलगडतो, पण सल्फरचे बंध तोडत नाही, ते काम डीटीटीचं. निकेल कॉलमवर जायचं असेल तर डीटीटीऐवजी बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल थोडं घ्या, नाहीतर कॉलम तपकिरी पडेल. खोलीच्या तापमानाला तास-दोन तास हळू ढवळा. थंडीत कोल्ड रूममध्ये नेऊ नका, स्फटिक पडतील. उन्हाळ्यात एसीची खोली बघा. ३७ अंशाच्या वर कधीच नाही. शेवटी २०,००० जी वर अर्धा तास, आणि वरचं स्वच्छ द्रावण वेगळं करा.

ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड युरियापेक्षा जोरकस असतं, ६ मोलरमध्ये हट्टी गोळेही विरघळवतं. तरी मी नवख्याला आधी युरियाच देतो. दोन कारणं: ग्वानिडीन क्षार आहे, म्हणून प्रोटीन त्यांच्या भारावरून वेगळी करणाऱ्या आयन एक्सचेंज कॉलमवर ते चालत नाही, युरियाला भार नसल्याने तो चालतो, आणि ग्वानिडीनचा नमुना एसडीएसमध्ये (प्रोटीनच्या जेलसाठी लागणाऱ्या डिटर्जंटमध्ये) घातला की पांढरा साका होतो, जेल लावताच येत नाही.

जेल लावताना नमुना ९५ अंशाला पाच मिनिटं उकळायची सवय हाताला असते. युरियाचा नमुना असेल तर ३७ अंशाला पंधरा मिनिटं ठेवा, तेवढं पुरतं. ब्रॅडफर्ड किंवा बीसीए या रंगाच्या चाचण्यांनी प्रोटीन मोजताना नमुना पातळ करा आणि ब्लँकमध्येही (प्रोटीन नसलेल्या तुलनेच्या नमुन्यातही) तेवढाच युरिया घाला.

घडी परत घालणं

१९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अॅनफिन्सेन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा वाटा होता. त्याने रायबोन्यूक्लिएझ हे एन्झाइम ८ मोलर युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉलमध्ये पूर्ण उलगडलं, मग दोन्ही काढून टाकले, आणि एन्झाइम आपोआप पुन्हा घडी घालून कामाला लागलं. पुस्तकात वाचून वाटतं, हे इतकं सोपं आहे. रायबोन्यूक्लिएझ गुणी लेकरू आहे हो. तुमचं प्रोटीन तसं असेलच असं नाही.

दोन वाटा आहेत. एक झटपट पातळ करण्याची: ५० मिलिमोलर ट्रिस, अर्धा मोलर आर्जिनिन, ५ मिलिमोलर रिड्यूस्ड आणि अर्धा मिलिमोलर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन (सल्फरचे बंध योग्य जागी जुळायला मदत करणारी जोडी) असलेलं गार बफर ढवळत ठेवा आणि त्यात उलगडलेलं प्रोटीन थेंब थेंब सोडा, शेवटी प्रोटीन मिलीमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास राहील अशा बेताने. रेणू एकमेकांपासून लांब असले की गोळा होण्याआधी घडी पडते. आर्जिनिन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. रात्रभर ४ अंशाला ठेवा. सकाळी ढगाळ दिसलं तर पुढच्या वेळी प्रोटीन निम्मं.

दुसरी वाट डायलिसिसची, म्हणजे प्रोटीन अडवून युरिया जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या ट्यूबमध्ये ते भरून बफरमध्ये बुडवून ठेवायचं, आणि बफरमधला युरिया कमी करत न्यायचा, पायरी पायरीने: ६, ४, २, १ आणि शेवटी शून्य मोलर, प्रत्येक पायरी किमान चार तास. सगळ्यात जास्त गोळा होतो तो मधल्या पायऱ्यांवर, ४ आणि २ च्या आसपास. प्रोटीन तिथे अर्धवट उलगडलेलं असतं. तिथे घाई नको.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी ट्यूब तोंडापर्यंत भरली, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि ८ मोलरवरून थेट साध्या बफरमध्ये सोडून घरी गेलो. युरिया बाहेर यायच्या आधी पाणी आत शिरतं. सकाळी ट्यूब एका टोकाला फुटलेली आणि दोन लिटर बफरमध्ये तीन आठवड्यांचं प्रोटीन पसरलेलं. तेव्हापासून ट्यूब निम्मी भरतो, हवा पिळून काढून उरलेली जागा चपटी ठेवतो.

ट्रिप्सिनने प्रोटीन कापायचं असेल तर युरिया आधी १ मोलरच्या खाली आणा. ट्रिप्सिन स्वतःच प्रोटीन आहे. ८ मोलरमध्ये तेही उलगडून बसेल. मग तक्रार नको की एन्झाइम खराब आलं.

डीएनएच्या जेलवाल्यांचं काम याहून सोपं: एका धाग्याचे तुकडे वेगळे करायला ७ ते ८ मोलर युरियाचं पॉलीअॅक्रिलामाइड जेल वापरतात, आणि तिथे गरम चालवलं तरी हरकत नाही, उलट तेच हवं, कारण जपायला प्रोटीन नाही. एकच लक्षात ठेवा: नमुना घालण्याआधी प्रत्येक खणातून सिरिंजने बफर मारून घ्या. जेलमधला युरिया खणात झिरपून तळाशी जड थर करतो, त्यावर नमुना तरंगतो आणि पट्ट्या वाकड्या येतात.

आवरताना

युरिया चढतो. बाटलीच्या तोंडावर, पीएच इलेक्ट्रोडवर, पिपेटच्या टोकात, वाळेल तिथे त्याची पांढरी दाढी उगवते. आमचे लॅबचे मामा त्याला 'मिठागर' म्हणतात आणि रोज संध्याकाळी ओलं फडकं फिरवतात. क्रोमॅटोग्राफीच्या पंपात मात्र फडकं पोचत नाही. ८ मोलर युरिया चालवून मशीन तसंच बंद केलंत तर आत स्फटिक होतात आणि सील चिरतं. काम संपलं की शुद्ध पाणी, किमान अर्धा तास, मगच २० टक्के इथेनॉल.

कचऱ्याबद्दल एकच गोष्ट ठणकावून सांगतो. ई. कोलायचा कचरा ब्लीचमध्ये टाकायची सवय सगळ्यांना आहे. युरिया असलेलं काहीही ब्लीचच्या बादलीत ओतू नका. हायपोक्लोराइट आणि युरिया मिळून नायट्रोजन ट्रायक्लोराइडसारखे घातक, स्फोटक पदार्थ होऊ शकतात. जिवंत पेशींचा कचरा ऑटोक्लेव्ह करा, युरियाच्या बफरला वेगळा लेबल लावलेला कॅन ठेवा. नायट्रिक आम्लाच्या कॅनशेजारीही तो नको. आणि लिटरमागे जवळपास अर्धा किलो युरिया असलेलं द्रावण सिंकमधून सोडू नका. कॅन भरला की झाकण घट्ट करा, तारीख घाला आणि मामांना सांगा; शुक्रवारी गाडी येते.